ग्रामसभा झेंड्याच्या दिवशी नको, कामावरून परतल्यावर घ्या

पऱ्हाटीवाला, यवतमाळ जिल्हा
आमच्या गावची १५ ऑगस्टची ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली. आठ दिवसांनी पुन्हा भरली तेव्हा बावीस माणसं होती. तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळं बावीस जणांनी अख्ख्या गावाची कामं ठरवली. कोरम तरी केवढा? १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते.

लोकांना आस्था नाही, हे मला पटत नाही. तारखा पाहा न भाऊ. २६ जानेवारीला तूर आणि कापूस, १ मे ला डोकं फाटेल असं ऊन, १५ ऑगस्टला निंदण-फवारणी, २ ऑक्टोबरला सोयाबीनची सोंगणी. मजुरी पाडून कोण येईल? कायद्यानं वर्षातून चार सभा घ्याव्याच लागतात, जास्त घ्यायला मनाई नाही. रात्री आठला घ्या. सप्ताहातलं कीर्तन ऐकायला सारं गाव रात्रीच बसते.

पांदणकरी
वेळेनं काही फरक पडत नाही. मी तीन वर्षं सलग गेलो. आमच्या पांदण रस्त्याचा ठराव तीनदा झाला, टाळ्याही वाजल्या. आजही पावसाळ्यात तिथं बैल गुडघाभर फसतो, खताचं पोतं डोक्यावर न्यावं लागते. ठराव झाल्यावर त्याचं पुढं काय होते ते आधी सांगा, मग मी बोलावल्याबिगर येतो.

पऱ्हाटीवाला
मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतात, तेव्हाच उठून विचारायचं. लेखी उत्तर मागायचं.

पांदणकरी
विचारलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी ‘विरोधी पार्टीचा’ झालो. एकट्या माणसाचं ते काम नाही.

बचतगटातली ताई
रात्री आठ ही वेळ कोणाला सोयीची, याचा विचार केला का दादा? त्या वेळी चुली, भांडी, लेकरं. आणि चावडीवर पिऊन आलेली दोन-चार माणसं असतातच. आम्ही कशा येणार?

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. आमच्या गावात ती माझ्या दारात झाली. शिपाई रजिस्टर घेऊन आला, मी कणीक मळत होते. हाताला पीठ आहे म्हणून त्यानं माझा अंगठाच उमटवून घेतला. मी बारावी पास आहे. विषयाच्या रकान्यात एक अक्षर नव्हतं, खाली माझ्याआधीचे चौदा अंगठे.

धानोऱ्याकडचा
आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहून या. साधारण शंभर घरांचं गोंड गाव. तिथं बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं ठरते. आधी अभ्यास गटात बसून कायदा समजून घेतात, मग सभेत बोलतात. २००९ ला गावाला जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ ला बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांनी जगून दाखवली. सभेला माणूस येते, कारण निर्णय तिथंच होते.

वस्तीवरचा
मेंढ्याबद्दल मनापासून आदर आहे. पण ते एका समाजाचं गाव, पोटाला जंगल आहे. आमच्याकडं बहुतेक गावांत जमीन एकाची, मजुरी दुसऱ्याची. तिथं सर्वसहमती म्हणजे ज्याच्या वावरात सकाळी कामाला जायचं, त्याच्यापुढं गप्प बसणं. आमच्या वस्तीच्या नालीचा विषय निघाला तेव्हा ‘सगळ्यांना सभामंडप मान्य आहे न?’ असं विचारलं. कोणी हात वर केला नाही आणि तीच सहमती धरली. माझी आई शेजारीच बसली होती, पदराचं टोक पिळत. घरी आल्यावर म्हणाली, ‘बोलले असते, पण उद्या निंदायला त्याइच्याकडंच जायचं हाय.’ आम्हाला चिठ्ठी टाकून मत द्यायची सोय पाहिजे.

धानोऱ्याकडचा
मेंढ्यात एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढं ढकलतात. तुमच्याकडं झालं ती सहमती नाहीच, दडपण आहे. पण भाऊ, चिठ्ठीनं नाली होईल, माणूस बोलता होणार नाही.

वस्तीवरचा
आधी नाली होऊ द्या.

पऱ्हाटीवाला
ताईंचं आणि तुमचं मला पटलं. वेळेपुरता विचार करून मी चुकलो. पहिली बैठक वस्तीतच घेऊ, तिथं ठरलेलं लिहून सभेत दहा जणांनी मिळून मांडू. पांदणकरी, तुमचा विषयही त्यातच. मग कोणी एकटा पडणार नाही. चिठ्ठीबद्दल मात्र अजून मन घेत नाही, त्यावर भांडू.

बचतगटातली ताई
मग ग्रामसभा शाळेत घ्या, संध्याकाळी साडेसहाला. आणि रजिस्टर त्या दिवशी मी लिहिते.