थांबा थांबा म्हणणाऱ्यांनो, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी ज्याला पीसी पाहिजे त्यानं करायचं काय?

तापीकाठ (चोपडा)
काल रात्री सिलिकॉनभाऊंनी लिहिलं की आत्ता जो कोणी पीसी असेंबल करतोय तो डोकं गहाण ठेवून करतोय, एएमडीचं नवं झेन ६ येतंय, इंटेलचं नोव्हा लेक २०२६ च्या शेवटी येतंय, तोवर गप बसा. खाली नेहमीप्रमाणे अंगठ्यांची रांग. मी झोपायला निघालो होतो पण राहवलं नाही.

भाऊ, तुम्ही २०२२ मधे पण हेच म्हणत होते. तेव्हा एएमडीचं नवं सॉकेट (बोर्डवर चिप बसते ती जागा) एएम५ नुकतं आलेलं, बोर्ड महाग, डीडीआर५ ही नवी रॅम महाग, थांबा. २०२३ ला रॅम मातीमोल झाली तेव्हा म्हणाले पुढची जनरेशन बघू. २०२४ च्या ऑगस्टमधे एएमडीची रायझन ९००० आली तर म्हणे फरकच नाही, गेमिंगवाली एक्स३डी येऊ द्या. नोव्हेंबरात ९८००एक्स३डी आला तर माल नाही, आणि जिथं होता तिथं भाव ऐकून घाम फुटायचा. इंटेलवाल्यांनी ॲरो लेकची वाट बघितली, तो ऑक्टोबरात आला आणि गेमिंगमधे स्वतःच्याच १४ व्या जनरेशनच्या मागं राहिला. मग नेमकं थांबून कोणाचं भलं झालं ते सांगा.

माझा मावसभाऊ लग्नाचं शूटिंग करतो, एडिटिंग पण स्वतःच. मशीन सातव्या जनरेशनच्या आय७ ची, विंडोज ११ घेतच नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मागच्या पावसाळ्यात पैसे हातात होते, गाडी करून जळगावला निघाला होता, तुमचं वाचून थांबला. त्यानंतर रॅमचे भाव दुपटी-तिपटीनं वर गेले, एसएसडी त्याच्या मागोमाग, डॉलर नव्वदीपार. आता आखाजी तोंडावर, तारखा लागलेल्या, आणि टाइमलाइनवर ४के फुटेज टाकलं की मशीन हात वर करते. नवरदेवाच्या बापाला सांगू का, की नोव्हा लेक येऊ द्या मग सीडी देतो?

थांबायला पण पैसे लागतात. तेवढी एक ओळ खाली लिहीत जा.

सिलिकॉनभाऊ (धुळे)
अर्धं वाचायचं आणि बोंब मारायची. मी लिहिलं होतं "ज्याचं काम अडलेलं नाही त्यानं". तुमच्या मावसभावाचं काम अडलं होतं तर माझं ऐकलंच कशाला?

आणि थांबून भलं झालेल्यांची यादी पाहिजे ना? घ्या. २०२१ ला मायनिंगवाल्यांनी ग्राफिक कार्डांची वाट लावली होती, लोक दुप्पट भावानं घेत होते. सप्टेंबर २०२२ मधे इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि भाव खाली आले. थांबले ते शहाणे ठरले. १३ व्या-१४ व्या जनरेशनचे आय९ ज्यांनी पहिल्या दिवशी घेतले त्यांची मशीन क्रॅश होत राहिली, इंटेलला शेवटी ऑगस्ट २०२४ मधे मायक्रोकोड (चिपच्या दुरुस्तीचं अपडेट) काढावा लागला आणि वॉरंटी २ वर्षं वाढवावी लागली. थांबले ते वाचले. रायझन ९००० ची पहिली खेप तर एएमडीनं विक्रीच्या आधी स्वतःच मागं घेतली, दर्जा बरोबर नाही म्हणून. हे सगळं पहिल्या दिवशी उड्या मारणाऱ्यांचं नशीब.

राहिलं रॅमचं. मेमरीच्या कंपन्या एआयवाल्यांच्या एचबीएम मेमरीकडे वळतील आणि मायक्रॉन डिसेंबर २०२५ मधे क्रुशियल हा रॅम-एसएसडीचा ब्रँड बंद करतो म्हणून जाहीर करेल, हे मला पावसाळ्यात स्वप्नात दिसणार होतं का? मी प्रोसेसरवर लिहितो, ज्योतिषावर नाही.

अमळनेरकर
दोघं भांडा, पण मुद्दा सॉकेटचा आहे. माझ्याकडे २०१७ चा बी३५० बोर्ड (एएम५ च्या आधीचं एएम४ सॉकेट) होता, त्यावर रायझन १६०० घेतला, आणि २०२२ ला बायोस मारून त्याच बोर्डवर ५८००एक्स३डी बसवला. आजही चालतोय. एएम५ ला पण २०२७ पर्यंत आणि पुढे सपोर्ट देऊ असं एएमडी सांगून बसलंय. मग आज एएम५ घ्या, झेन ६ आलं की नुसती चिप बदला. थांबायचं की घ्यायचं हा प्रश्नच संपला.

निळी_टीम
आले एएमडीचे भजनी मंडळ. मे २०२० मधे याच कंपनीनं सांगितलं होतं की बी४५० बोर्डवर झेन ३ (रायझन ५०००) चालणार नाही. लोकांनी शिव्या घातल्या तेव्हा कुठं माघार घेतली. तुमच्या बी३५० ला तर अजून उशिरा मिळालं. उपकार केल्यासारखं सांगू नका.

अमळनेरकर
माघार घेतली ना? तुमच्या इंटेलनं शिव्या खाऊन तरी कधी घेतली? १२, १३, १४ एका सॉकेटवर, ॲरो लेकला नवीन १८५१, आणि नोव्हा लेकला परत नवीन असणार म्हणतायत. बोर्ड काय भंगारात घालू दरवेळी?

आप्पा_असेंबल (भुसावळ)
पोरांनो, मी फ्लॉपीच्या काळापासून मशीनी बांधतोय. तुम्ही सॉकेटवर भांडताय, मे महिन्यात मशीन चालणार कशी ते कोणी बोलत नाही. हे रिव्ह्यूवाले एसी लावून २१-२२ डिग्रीच्या खोलीत टेस्ट करतात. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत दुपारी ४२ म्हणजे गारवा म्हणायचा. वॉटर कूलिंग लावा नाहीतर काही लावा, खोलीच्या हवेच्या खाली कोणी जात नाही. खोली ४२, वर चिपचे ५० धरा, झाले ९२. रिव्ह्यूत तीच चिप ७२ दाखवते आणि गिऱ्हाईक माझ्यावर ओरडतं की आप्पा पेस्ट नीट लावली नाही.

१४९००के फुल लोडला २५३ वॅट घेतो. रायझन ७९५०एक्स वर १७० लिहिलंय आणि घेतो २३०. ही मशीन दुपारी पत्र्याखाली चालवायची म्हणजे खोलीत हीटर लावायचा. माझ्याकडून जो घेतो त्याला मी बायोसमधे इको मोड (कमी वॅटचा) लावूनच देतो. रेंडर थोडा उशिरा होईल, मरत नाही कोणी.

सिलिकॉनभाऊ (धुळे)
आप्पा, मान ठेवून सांगतो, रायझन ७००० ची हद्दच ९५ ठेवलीय, ती तिथं जाऊनच चालते. कंपनीनं बनवलंच तसं आहे. ९५ बघून घाबरायचं काम नाही.

आप्पा_असेंबल (भुसावळ)
चिपला काही होत नाही हे मला पण कळतं. तिच्या शेजारचं व्हीआरएम (चिपला वीज देणारा भाग), खाली चिकटवलेली एनव्हीएमई एसएसडी, त्यांचं काय? ती हवा त्यांच्याच अंगावरून जाते. तू माले नको शिकाडू.

केळीबाग_रावेर
आप्पांना १०० टक्के पाठिंबा. मी तर सरळ कॅबिनेटची बाजू काढून डेझर्ट कूलर समोर ठेवला होता मागच्या उन्हाळ्यात. १२-१३ डिग्री उतरले. स्वस्तात मस्त.

आप्पा_असेंबल (भुसावळ)
अरे भो! पाठिंबा नको देऊ मला. कूलरची हवा म्हणजे ओल. एक गिऱ्हाईक असंच करून मशीन घेऊन आलं, बोअरचं पाणी भरत होतं. हीटसिंकच्या पात्यांवर पांढरी खार बसलेली, नखानं खरवडली तर पोपडा निघाला. पंख्याची बेअरिंग जाम, रॅमच्या स्लॉटमधे हिरवट डाग. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव, खिडकी उघडी ठेव, मशीनच्या तोंडावर नको.

सिलिकॉनभाऊ (धुळे)
गरम हीटसिंकवर दव धरत नाही. शाळेतलं विज्ञान आहे. उगाच घाबरवू नका लोकांना.

आप्पा_असेंबल (भुसावळ)
दव कोण म्हणालं? थेंब उडतात, पाणी वाळतं, खार राहते. आणि मशीन बंद केल्यावर गरम राहतं का? कूलर रात्रभर चालूच असतो. पुस्तकं वाचून मशीन बांधता येत असती तर माझं दुकान कशाला चाललं असतं.

सिलिकॉनभाऊ (धुळे)
दुकान चालतं कारण लोकांना दुसरा पर्याय नाही. एकदा यूट्यूब बघून स्वतः बांधायला शिकले की बघू.

नंदुरबारची_ताई
भाऊ, हे जरा जास्त झालं. आप्पांच्या वयाचा तरी विचार करा. आणि यूट्यूब बघून बांधायचं म्हणता ना, मी बांधला. ऑनलाइन बोर्ड मागवला, एक रॅम स्लॉट पहिल्या दिवसापासून मेलेला. इथं सर्व्हिस सेंटर नाही, जळगावला नेऊन दिला तर ते म्हणाले आम्ही नुसते गोळा करतो, पुढे पाठवतो. गेला कुठं कोण जाणे. परत आला तर चिठ्ठी, सॉकेटची पिन वाकलेली, ग्राहकाची चूक, वॉरंटी नाही. मी पाठवताना प्लास्टिकचं झाकण लावलेला फोटो काढून ठेवला होता, तो दाखवला, कोणी बघितला नाही. माझं काम टॅली आणि जीएसटी रिटर्नचं, २० तारीख कोणासाठी थांबत नाही, शेजारच्याचा लॅपटॉप मागून भरले. तुम्ही पुण्या-मुंबईच्या भावाशी तुलना करून आप्पांसारख्यांना महाग म्हणता, ते वरचे पैसे कशाचे असतात ते आम्हाला विचारा.

सिलिकॉनभाऊ (धुळे)
बरं ताई. आप्पा, दुकानाचं बोललो ते सोडून द्या. दवाचं मात्र मी सोडत नाही.

केळीबाग_रावेर
माझा कूलर बाजूला राहू द्या, लाईटीचं कोणीतरी बघा. आमच्याकडे रात्री थ्री फेज आली की सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि घरात व्होल्टेज १६५-१७०. पीसी इन्व्हर्टरवर आहे. लाईट असून पण इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, सकाळपर्यंत बॅटरी झोपते, पीसी धाडकन बंद. डीपीवर लोड जास्त आहे हे वायरमन पण मान्य करतो, पुढे काही नाही.

तापीकाठ (चोपडा)
अरे मी धागा कशावर काढला होता?

निळी_टीम
रावेरवाले, इन्व्हर्टरच्या मागं एक बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल. तुमचं यूपीएसवर असणार. त्या मोडला व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की तो लाईट गेली असं समजतो आणि बॅटरी घेतो. नॉर्मलवर टाका, मग बऱ्याच कमी व्होल्टेजपर्यंत धरून ठेवतो.

आप्पा_असेंबल (भुसावळ)
बरोबर, पण अर्धं सांगितलं. नॉर्मलवर चेंजओव्हर हळू होतो, लाईट खरंच गेली तर मशीन रीस्टार्ट मारेल. मग मशीनला वेगळा छोटा यूपीएस लागतो. आणि तो स्वस्तातला चौकोनी वेव्हवाला घेतला तर चांगल्या एसएमपीएसशी (पीसीच्या पॉवर सप्लायशी) त्याचं जमत नाही, ॲक्टिव्ह पीएफसीवाले काही त्या क्षणी बंदच पडतात. आधी एसएमपीएसचं स्टिकर बघ. १०० ते २४० लिहिलं असेल तर १६५ ला त्याला काही होत नाही. २०० ते २४० असेल तर तो एसएमपीएस पहिला बदल, प्रोसेसर-बिसेसर नंतर.

अमळनेरकर
हे मात्र खरं. आपल्या भागात आधी एसएमपीएस आणि अर्थिंग. मी ५८००एक्स३डी च्या गप्पा मारतो पण टिकलं ते त्या एसएमपीएसमुळे.

तापीकाठ (चोपडा)
झालं? आता माझ्या मावसभावाचं सांगा. कॅमेरा सोनी, ४के, १० बिट ४:२:२ (जास्त रंग साठवणारं फुटेज). जुन्या मशीनमधे १६-१६ च्या दोन डीडीआर४ कांड्या आहेत. बजेट रॅमनं खाल्लंय.

अमळनेरकर
एएम५, ९७००एक्स, ६५ वॅट, आप्पांचा पण प्रश्न मिटला.

निळी_टीम
आणि नवीन डीडीआर५ काय तू देणार? वर ४:२:२ चं एचईव्हीसी (त्या व्हिडिओचा फॉरमॅट) रायझनचं ग्राफिक हार्डवेअरवर डीकोडच करत नाही. एनव्हिडियाला पण ५० सिरीजपासून आलं. इंटेलचं इनबिल्ट ग्राफिक हे काम केव्हापासून करतंय. गेमिंगचे आकडे घेऊन लग्नाच्या एडिटिंगला सल्ले देतात.

आप्पा_असेंबल (भुसावळ)
पहिल्यांदा कामाचं बोलला. इंटेलचा आय७ १२७०० घ्या, साधा, मागं एफ लिहिलेला नको, त्यात इनबिल्ट ग्राफिकच नसतं. १२ वी जनरेशन आहे, ती क्रॅशची भानगड तिला नाही. डीडीआर४ वाला बोर्ड बघा, जुन्या कांड्या त्यातच लावा, रॅमचा एक रुपया खर्च नाही. पॉवर लिमिट मी बसवून देतो. विंडोज ११ पण चालेल.

अमळनेरकर
मेलेला सॉकेट. १४ व्या जनरेशनच्या पुढे अपग्रेड शून्य.

तापीकाठ (चोपडा)
त्याला सात-आठ वर्षं अपग्रेड करायचंच नाहीये भाऊ. सातव्या जनरेशनवर आत्तापर्यंत काढले ना त्यानं.

सिलिकॉनभाऊ (धुळे)
म्हणजे एवढं भांडून शेवटी २०२२ च्या जानेवारीतली चिप. नव्या प्रोसेसरसाठी थांबू नका, जुना घ्या. हे मी कधी नाही म्हणालो? तरी ठीक आहे, अडलेल्या माणसाला मी थांबा म्हणायला नको होतं असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या. फक्त बोर्डच्या नावात डी४ किंवा डीडीआर४ आहे का ते डब्यावर वाचून घ्या, एकाच नावाचे दोन प्रकार येतात, दुकानदार डोळे झाकून डीडीआर५ वाला देतो.

आप्पा_असेंबल (भुसावळ)
दुकानदार डोळे उघडे ठेवूनच देतो. सोमवारी पाठव रे मावसभावाला, कांड्या सोबत आणायला सांग, आधी मेमटेस्ट लावून बघतो. दुपारी नको, सकाळी.

केळीबाग_रावेर
आप्पा, स्टिकर बघितलं. २०० ते २४०.

आप्पा_असेंबल (भुसावळ)
मग तू पण सोमवारी ये.