ॲनॉटमीचे उच्चार सुधारायला काय घेऊ? बजेट ५००

सावली_०७
नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) फर्स्ट इयरला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. स्पेलिंग पाठ आहेत पण मोठ्यांदा म्हणायची वेळ आली की चुकतं. परवा व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) इस्किअमला, म्हणजे बसताना टेकतं त्या हाडाला, इश्चिअम म्हणाले, सोअस स्नायूला प्सोअस, मॅडमनी तिथंच थांबवलं आणि मग येत असलेलं उत्तरही बोलता आलं नाही. ॲप घेऊ, पुस्तक की क्लास? ५०० च्या वर खरंच जमणार नाही आणि हॉस्टेलला नेट अडखळतं.

रात्रपाळी
क्लास लाव. मी ४००० भरून तीन महिने ऑनलाइन केला, आता वॉर्डातल्या नवीन मुली मलाच विचारतात. पैसे वसूल.

सावली_०७
ताई, बजेट ५०० आहे.

फिजिओ_विदर्भ
क्लासपेक्षा चांगली जाड मेडिकल डिक्शनरी घे, दोनेक हजार जातील पण जन्मभर पुरते, माझी कॉलेजपासूनची अजून आहे. आणि शब्द फोडून म्हण. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड एका दमात जमत नाही, पण स्टर्नो छातीचं हाड, क्लायडो कॉलरबोन, मॅस्टॉइड कानामागचं हाड, म्हणजे स्नायू कुठून कुठं जातो ते नावातच आहे.

मुलगी_नर्सिंगला
माझ्या मुलीने सगळे शब्द देवनागरीत लिहून काढले, दोन वह्या भरल्या. पास झाली.

फिजिओ_विदर्भ
देवनागरीत लिहायचं तर नीट लिहा. झायफॉइड, झायगोमॅटिक यातला झ आपल्या झाडातला पण नाही आणि झेंड्यातला पण नाही, जागा मधल्या ज च्या जवळचा आहे. वहीत झ दिसला की मुलं झाडातला म्हणतात.

मुलगी_नर्सिंगला
मुलगी पास झाली म्हटलं ना. परीक्षकांना कळलं म्हणजे झालं.

जुनी_सिस्टर
कळलं म्हणजे झालं असं नसतं हो. मी नवीन असताना फोनवर युरीटर सांगितलेलं युरिथ्रा ऐकलं आणि तसंच लिहिलं. युरीटर किडनीकडून मूत्राशयाकडे येतात, दोन असतात, युरिथ्रा एकच आणि कॅथेटर (लघवीची नळी) त्यातून घालतात. डॉक्टरांनी वेळेवर बघितलं म्हणून निभावलं, पण त्या रात्री झोप लागली नाही. फोनवर शब्द आला की परत म्हणून दाखवायचा आणि स्पेलिंग विचारायचं, लाजायचं नाही. पेरोनिअल पायाची नर्व्ह आणि पेरिनिअल म्हणजे गुदद्वार आणि जननेंद्रियाच्या मधला भाग, यातही हाच घोळ होतो, म्हणून तर हल्ली पेरोनिअलला फिब्युलर म्हणायला लागलेत.

रात्रपाळी
आमच्या क्लासमध्ये सर्व्हिकल (मानेचं) शिकवलं, सर्व्हायकल चूक.

फिजिओ_विदर्भ
चूक नाही. सर्व्हायकल ब्रिटनमध्ये चालतं. कॅपिलरी आणि कपिलरीचंही तेच, दोन्ही बरोबर. क्लासवाल्यांचं ऐकू नका.

रात्रपाळी
४००० भरून शिकलेय मी, उगाच नाही सांगत.

बी_एस्सी_थर्ड_इयर
सावली, तीन गोष्टी लक्षात ठेव. पी एस किंवा पी एन ने सुरू झालं की पी म्हणायचा नाही. ॲनॉटमीच्या शब्दांत सी एच म्हणजे बहुतेक वेळा क, ट्रेकिया, ब्रेकिअल, ब्रॉन्कस. आणि इलिअम दोन आहेत, उच्चार सारखाच, स्पेलिंगमध्ये एल नंतर ई वालं लहान आतड्याचा शेवट, एल नंतर आय वालं कमरेचं हाड. व्हायव्हात कुठलं ते सांगूनच बोलायचं. बाकी ॲप घे, मी वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलंय, १८०० पडले.

मुलगी_नर्सिंगला
देवनागरीत लिहिलं की फुकटात होतं. परत सांगते.

सावली_०७
सगळ्यांचे आभार, जुन्या सिस्टरांचं वाचून तर अंगावर काटा आला. पण मी यातलं काहीच घेतलं नाही. एका सीनिअरकडून हाडांचा आणि स्नायूंचा जुना चार्ट १५० ला मिळाला, तो कॉटवर लावलाय. रूममेट केरळची आहे, ती इंग्लिश मीडियमची. रोज जेवणानंतर मी बोट ठेवून म्हणते, ती चुकलं की थांबवते, मग ती मराठी विचारते, बरगडी, टाच, पोटरी. आठ दिवस झाले. गॅस्ट्रॉक्निमिअस (पोटरीचा स्नायू) काल पहिल्यांदा न अडखळता आलं. सोमवारपासून हाताचे स्नायू घेतोय.