शब्दचर्चा: 'बांधा' आणि 'फिगर' एकच का?

धुळेकरीण: 'बांधा' आणि 'फिगर' समानार्थी धरावेत का? अकरावीतली मुलगी म्हणाली, "माझी फिगर चांगली नाही." मी म्हटलं, तुझा बांधा छान आहे. तिला ते उत्तर वाटलंच नाही.

तापीकाठ: ताई, समानार्थी नाहीत. फरक क्रियापदात आहे. बांधा असतो. शेलाटा, ठेंगणा, थोराड, जसा असेल तसा. फिगर 'मेंटेन करायची' असते, ती 'बिघडते', बाळंतपणानंतर 'परत आणायची' असते. "बांधा बिघडला" असं आपल्याकडं मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. शब्दासोबत एक कामही आलं आणि ते बाईच्या अंगावर पडलं.

'झिरो फिगर' तर मुळात शरीराचं वर्णनच नाही. 0 हा अमेरिकेतल्या तयार कपड्यांचा नंबर. त्याला पक्कं माप नाही, तो कंपनीगणिक बदलतो. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून तेवढ्याच मापाच्या कपड्याला आधीपेक्षा लहान नंबर द्यायची तिथं पद्धतच पडली आहे. अशा सरकत्या नंबरासाठी पोरी जेवण सोडतात, याचा मला फार राग येतो.

सुईदोरा (चोपडा): आमचं घर शिंप्याचं. गिऱ्हाईक 'माप देतं', कपडा त्याच्या मापाचा होतो. एक खांदा उतरता असेल तर वडील वहीत तसं लिहीत आणि बाही त्या बेतानं लावत. खांद्याला कुणी नावं ठेवत नसे. आता पोरी म्हणतात, "मी एम साइजमध्ये बसत नाही." आधी कपडा बसत नसे, आता माणूस बसत नाही! शोकेसमधल्या पुतळ्यावरचा ड्रेससुद्धा बहुतेकदा मागून टाचण्या मारून घट्ट केलेला असतो, हे मुलींना जरूर सांगा.

अमळनेरकर: सगळं खरं, पण जुनी भाषा निर्मळ होती असं मानू नका. 'निमगोरी' हा शब्द आपणच घडवला, लग्नाच्या परिचयपत्रात आजही भेटतो. 'उजळ' म्हणजे गोरी, हेही आपलंच. फेअर अँड लव्हली 1975 साली आली ती या तयार जमिनीवर. 2020 मध्ये नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. मराठीत 'गोरेपणा'च्या जागी 'उजळपणा' म्हणावं तेवढाच तो बदल. मुक्ताईनगरहून पालखी ज्याच्या भेटीला पंढरपूरला जाते त्याला आपण कौतुकानं 'सावळा' म्हणतो. मुलीच्या बाबतीत मात्र तोच शब्द "सावळी आहे, पण..." असा येतो. त्या 'पण'वर चर्चा व्हायला हवी.

धुळेकरीण: पटलं, भाऊ. आणखी एक विचारते. फ्रान्समध्ये 2017 पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं अंग फोटोत बारीक किंवा जाड केलं असेल तर तसं छापावं लागतं. 'रिटच'ला मराठीत काय म्हणावं?

तापीकाठ: स्टुडिओत "फोटो साफ करून देतो" म्हणतात. तो शब्द मला नको वाटतो, कारण साफ करायचं म्हटलं की चेहरा मळका ठरतो. 'सुधारलेला'ही नको, त्यात आधीचं रूप चुकीचं ठरतं. मी 'बदललेला फोटो' म्हणेन.

सुईदोरा (चोपडा): 'बदललेला'च बरा. आठवीतल्या पोरीलाही लगेच कळेल.