'अविश्वास खटला' की 'मक्तेदारीविरोधी खटला'? सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बातम्यांतले शब्द

शब्दार्थी: 'गूगलविरुद्ध अविश्वास खटला' असं छापून येतं. 'अँटिट्रस्ट'ला मराठीत नेमकं काय म्हणावं? 'मक्तेदारी' आणि 'वर्चस्व' हे एकाच अर्थाने वापरले तर चालतील का?

कलमबहाद्दर: 'अविश्वास खटला' हे यंत्राचं भाषांतर, सरळ खोडा. अविश्वासाचा ठराव असतो, खटला नव्हे. इथला 'ट्रस्ट' म्हणजे एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी शक्कल. स्पर्धक कंपन्यांचे भागधारक आपले शेअर एकाच विश्वस्त मंडळाकडे सोपवत आणि मग सगळ्यांचा कारभार ते मंडळ चालवी. स्टँडर्ड ऑइलने 1882 मध्ये हेच केलं. 1890 चा शर्मन कायदा त्याविरुद्धचा. ट्रस्ट गेले, नाव चिकटून राहिलं. अमेरिकेपुरतं 'मक्तेदारीविरोधी कायदा' म्हणा, युरोपसाठी 'स्पर्धा कायदा'.

जोडाक्षर: 'मक्तेदारीविरोधी' वाचून मक्तेदारी असणं हाच गुन्हा वाटतो. तसं नाही. चांगला माल देऊन कुणी नव्वद टक्के बाजार मिळवला तर कायदा हात लावत नाही. ते स्थान टिकवायला दुसऱ्यांची वाट अडवली की लावतो. म्हणून स्थिती सांगताना 'वर्चस्व', कृती सांगताना 'वर्चस्वाचा गैरवापर'. युरोपीय संघाच्या करारातल्या कलम 102 चा रोखही गैरवापरावरच आहे.

अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर भरलेला खटला बघा. संगणक बनवणाऱ्यांना विंडोजवरून इंटरनेट एक्स्प्लोरर या मायक्रोसॉफ्टच्याच ब्राउझरचं चिन्ह काढायची करारानेच बंदी होती. 'अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स'च्या यादीतून एक्स्प्लोरर वगळलेला. वर ब्राउझरचा कोड विंडोजच्याच फायलींत मिसळलेला, म्हणजे ती फाइल उडवली की विंडोजच लंगडी. 2001 मध्ये अपील न्यायालयाने हे सगळं बेकायदा ठरवलं, पण कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश मात्र रद्द केला.

आणि नुसतं '95 टक्के वर्चस्व' लिहू नका. कशाच्या बाजारात? मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात फक्त इंटेलच्या चिपशी जुळणाऱ्या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिम मोजल्या होत्या. मॅक धरला तरी हिस्सा ऐंशीच्या वर राहत होता, हे न्यायालयाने वेगळं नोंदवलं. निम्मा खटला या व्याख्येवरच लढला जातो.

शब्दार्थी: आणि 'टायिंग', म्हणजे एक वस्तू हवी तर दुसरीही घ्यायलाच लावणं?

कलमबहाद्दर: बोलण्यात 'गळ्यात मारणं', लेखात 'सक्तीची जोडविक्री'. दोन्ही वस्तू सुट्याही मिळत असतील तर ती नुसती 'एकत्र विक्री', त्यात सक्ती नाही. युरोपीय आयोगाने 2004 मध्ये मीडिया प्लेअर नसलेलं विंडोज विकायला लावलं. किंमत तीच, एक गोष्ट कमी, कोण घेणार? आदेश पाळला गेला, बाजार ढिम्म.

पूर्णविराम: म्हणूनच 'खटला' आणि 'नियमन' हे शब्द वेगळे ठेवा. खटला गैरवापर झाल्यावर, नियमन आधीच. मायक्रोसॉफ्टवर खटला 1998 मध्ये भरला. अपिलाचा निकाल लागला तेव्हा नेटस्केप ही स्पर्धक ब्राउझर कंपनी एओएल या इंटरनेट कंपनीच्या पदरात पडून दोन वर्षं झाली होती. सॉफ्टवेअरमध्ये निकालाची वाट बघणारा स्पर्धक उरतच नाही, त्यामुळे नियमन हवंच असं माझं मत. युरोपच्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टचे निकष आकड्यांतच आहेत: मुख्यतः 7,500 कोटी युरो बाजारमूल्य किंवा 750 कोटी वार्षिक उलाढाल, शिवाय संघात महिन्याला साडेचार कोटी वापरकर्ते. त्यात बसणाऱ्याला तिथे 'गेटकीपर' म्हणतात.

जोडाक्षर: त्याला 'द्वारपाल' नको, तो देवळातला वाटतो. 'नाकेदार' घ्या. अ‍ॅप स्टोअर वाट अडवून कमिशन घेतं, त्याला हाच शब्द शोभतो.

कलमबहाद्दर: नाकेदार झकास. पण 'नियमन' लिहिताना 'देखरेख' विसरू नका. वापरणाऱ्याला हवा तो ब्राउझर निवडू देणारा पडदा दाखवायचं मायक्रोसॉफ्टने युरोपीय आयोगाला कबूल केलं होतं. विंडोज 7 च्या सर्व्हिस पॅक 1 मध्ये तो मे 2011 ते जुलै 2012 दिसलाच नाही. अहवाल द्यायचं काम कंपनीकडेच होतं. 2013 मध्ये 56.1 कोटी युरो दंड झाला, तोवर दीड कोटी लोकांना तो पडदा दिसायचा राहूनच गेला होता.