मदत हवी आहे: पिवळा बुटका फ्लोरिबंडा गुलाब, खारघर

नमस्कार मंडळी, खारघरला राहते, तिसरा मजला, पूर्वेची बाल्कनी, ऊन सकाळी सात ते साधारण बारा. मागच्या डिसेंबरात नर्सरीतून पिवळा गुलाब आणला, जेमतेम दीड फुटाचा पण घोसाने फुलणारा, नर्सरीवाला नुसतं फ्लोरिबंडा म्हणाला, जातीचं नाव त्यालाही सांगता येईना. फेब्रुवारीपर्यंत एकेका दांडीला पाच-सहा फुलं, कळी हळदीसारखी आणि उमलली की लोण्याच्या रंगाची, मी रोज चहा तिथेच घ्यायचे. मग पाऊस लागला आणि सगळं बिघडलं. आधी खालच्या पानांवर काळे ठिपके, कडा झालरीसारख्या, मग पान पिवळं पडायचं आणि नुसता हात लागला तरी गळायचं, ऑगस्टपर्यंत नुसत्या काड्या राहिल्या. आता बुंध्यातून एक हिरवीगार फांदी जोरात आलीये, अडीच फूट झाली पण कळीचा पत्ता नाही.

कुंडी आठ इंची आहे, लहान पडतेय का? आणि सोसायटीने गेटजवळ आठ फुटांचा वाफा दिलाय, तिथे असेच पिवळे लावायचेत, ज्युलिया चाइल्ड नावाची जात चांगली म्हणतात, ती मागवू का? प्लीज सांगा, हे झाड मला जाऊ द्यायचं नाहीये.

प्रतिसाद:
ताई, ज्युलिया चाइल्ड खरंच छान, अमेरिकेत टॉम कॅरुथने तयार केलेली, 2006 ची ऑल-अमेरिका या तिकडच्या गुलाब-निवडीतली विजेती, जिच्या नावाने ती ओळखली जाते त्या प्रसिद्ध पाककृतीवाल्या बाईंनी स्वतः निवडलेली, उंची अडीच-तीन फूट. सुवासाची दुसरी पिवळी जात म्हणजे गुलाबाच्या जाती तयार करणाऱ्या जर्मनीच्या कोर्डेसची फ्रिझिया, तिलाच सनस्प्राइट म्हणतात. पण तिकडचा निरोगीपणा आपल्या पावसात तसाच टिकेल असं धरून चालू नका. काळ्या ठिपक्याची बुरशी पान सलग सातेक तास ओलं राहिलं की रुजते आणि आपल्याकडे जुलैत पान सुकतंच कुठे! म्हणून वाफ्यात चारच लावा, दोन-दोन फुटांवर, वारा खेळला पाहिजे, पाणी सकाळी आणि बुंध्याशीच, गळलेली पानं रोज उचलून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. कुंडी बारा इंची घ्या. छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर ऑक्टोबरात, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (नवी फांदी फुटते त्या कोंबाच्या) वर तिरका काप.

आणि ती जोमाची फांदी कलमाच्या गाठीच्या, म्हणजे खुंटावर (खालच्या मुळाच्या झाडावर) गुलाब जोडलाय त्या जागेच्या, वरून आलीये की खालून ते आधी बघा. खालून असेल तर तो खुंटाचा फुटवा, सगळं खत तोच खातोय.

मूळ धागालेखिका:
दादा, खूप आभार. आत्ताच बोटाने माती बाजूला केली, फांदी गाठीच्या खालूनच आहे हो, दोन महिने मी तिलाच जपत होते. मुळाशी धरून ओढून काढली. जुन्या काड्यांपैकी एक अजून हिरवी आहे, नखाने खरवडून बघितलं, आणि गाठीच्या चार बोटं वर तांदळाच्या दाण्याएवढा लालसर डोळा फुगलाय, बाहेरच्या बाजूला. पाऊस अजून अधूनमधून येतोच आहे, त्याच्या वर आत्ताच कापू की आठवडाभर थांबू?