बीपी लपवलं, की लिहूनच घेतलं नाही?

मुळामुठा:
'हिशेबी' यांनी काल इथे लिहिलं की आरोग्य विम्याचे फेटाळलेले दावे म्हणजे लबाडांची रडगाणी. आजार दडवायचा आणि मग कंपनीच्या नावाने बोटं मोडायची. वाचून डोकं फिरलं. माझ्या सासऱ्यांनी बीपीच्या गोळ्यांचं पाकीट एजंटासमोर टेबलावर ठेवलं होतं. तो म्हणाला, "काका, एवढ्याशासाठी मेडिकल लावतील, राहू द्या." सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' त्यानेच लिहिलं. चौथ्या वर्षी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि दावा फेटाळला. कारण काय, तर बीपी सांगितलं नाही! अपेंडिक्सचा बीपीशी काय संबंध?

हिशेबी:
सही कोणाची होती? आणि संबंध आहे की नाही हे ग्राहकाने ठरवायचं नसतं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने मेडिक्लेमच्याच प्रकरणात हे स्पष्ट केलंय. विचारलंय ना, मग खरं सांगा. तुम्ही दडवलेल्याचा भुर्दंड आमच्यासारख्यांच्या हप्त्यावर पडतो.

मुळामुठा:
मग २०१५ चाही निकाल वाचा. मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं, मृत्यू हृदयविकाराने झाला. त्याच न्यायालयाने एलआयसीला पैसे द्यायला लावले.

कोल्हापुरी:
खरी मेख केसपेपरात आहे. भावाला रात्री दोन वाजता भरती केलं. डॉक्टरांनी विचारलं, शुगर कधीपासून? आई घाबरलेली, म्हणाली, "असेल चार-पाच वर्षं." तिला काहीही माहीत नव्हतं, शुगर कळून वर्षही झालं नव्हतं. कागदावर पडलं 'डायबेटिक, ५ वर्षं'. कंपनीने तेवढंच वाक्य धरून दावा उडवला. दोन ओळी खरडताना या डॉक्टरांचं काय जातं?

रात्रपाळी:
डॉक्टरांवर ढकलू नका. सांगितलं ते लिहितो. तुमच्यासारखेच नातेवाईक डिस्चार्जच्या दिवशी येतात, "सर, पाच वर्षांचं सहा महिने करा ना." ती खाडाखोड आमच्या अंगाशी येते.

कोल्हापुरी:
तोंड सांभाळून बोला, आम्ही कुणाला खोटं लिहायला सांगितलं नाही. 'आईने सांगितलं, जुने कागद पाहिले नाहीत' एवढं लिहायला काय होतं? ते नव्हतं म्हणून भाऊ पहिल्या तपासणीचा रिपोर्ट शोधत लॅबच्या पायऱ्या झिजवत राहिला.

रात्रपाळी:
कॅज्युअल्टीत एकटा माणूस असतो, समोर तीन पेशंट. एकदा येऊन उभे राहा, मग शिकवा. ...ठीक आहे, 'नातेवाईकांच्या सांगण्यानुसार' हे लिहायला हवं. तेवढं मान्य. बाकीचं नाही.

स्लाऊकर:
इकडे ब्रिटनमध्ये २०१२ च्या कायद्याने हा घोळ बराच मिटवला. नेमकं विचारणं कंपनीचं काम, ग्राहकाने वाजवी काळजी घेऊन उत्तर द्यायचं. मुद्दाम खोटं बोललात तर दावा नाकारता येतो. निष्काळजीपणा असेल आणि खरं कळल्यावर कंपनीने फक्त हप्ता वाढवला असता, तर त्या प्रमाणात दावा कापतात. खरं सांगून जो हप्ता लागला असता त्याच्या पाऊणच भरला असेल तर पाऊण दावा मिळतो. बीपीपायी अख्खं ऑपरेशन बुडत नाही.

हिशेबी:
इंग्लंडचं कौतुक पुरे. इथेही २०२४ पासून पॉलिसीचे सलग ६० महिने झाले की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला न सांगितलेल्या आजारावर बोट ठेवता येत नाही. आधी ८ वर्षं होती.

मुळामुठा:
आणि पाचव्या वर्षाच्या आत आजारी पडणाऱ्याने काय करायचं? सासऱ्यांचं चौथं होतं!

हिशेबी:
विमा लोकपालाकडे जा. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार घेतात. मात्र कंपनीचं नकाराचं पत्र आल्यापासून वर्षाच्या आत. आणि गोळ्या बघून 'नाही' लिहिणाऱ्या एजंटाचा परवाना जायला हवा, हे मीही म्हणतो. पण न वाचता केलेली सही मी माफ करणार नाही.

मुळामुठा:
अर्ज गेलाय. आणि सहीचं म्हणाल तर फॉर्म अख्खा इंग्रजीत, सासऱ्यांची सही मराठीत. अशा सहीखाली 'मजकूर समजावून सांगितला' असं दुसऱ्याने लिहून द्यावं लागतं. तिथे त्याच एजंटाची सही आहे. त्या पानाची झेरॉक्स अर्जाला सगळ्यात वर लावलीय.