शब्दचर्चा : दुकानांची ‘भागीदारी’ की ‘पैरा’?

शहापूर, बेळगाव :
साडीचं दुकान आणि समोरचा फॉल-पिकोवाला एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवतात. माल, बिल, नफा ज्याचा त्याच्याकडे. दोघांच्या नावाचं कूपन छापायचं आहे. त्यावर ‘आमचे भागीदार’ बरोबर आहे का? कन्नड बाजूला ‘पालुदाररु’ घालावं असं छापखान्याचं म्हणणं. की ‘जोडधंदा’ चालेल?

खानापूर :
‘भागीदार’ अजिबात छापू नका. भाग म्हणजे नफ्यातला वाटा. 1932च्या भागीदारी कायद्याचं कलम 4 तेच सांगतं. नुसत्या कूपनानं तुम्ही भागीदार होत नाही हे खरं, पण पुढे कलम 28 आहे. स्वतःला भागीदार म्हणवून घेतलं किंवा दुसरा म्हणतोय ते जाणूनबुजून चालू दिलं, आणि त्यावर विसंबून कुणी उधारी दिली, तर ती उधारी त्याच्याही गळ्यात येते. अस्तराचा व्यापारी कूपन बघून फॉल-पिकोवाल्याला चार तागे उधार देईल आणि वसुलीला साडीच्या दुकानात उभा राहील. कन्नड ‘पालु’ म्हणजेही वाटाच, त्यामुळं तिथंही तीच अडचण. आणि जोडधंदा एकाच माणसाचा असतो : शेती करून दोन म्हशी पाळणं. दोन दुकानदारांच्या व्यवहाराला तो शब्द लागूच होत नाही.

निपाणी :
‘साटंलोटं’ कुणी सुचवायच्या आत सांगतो, नको. मूळ अर्थ दोन घरांनी एकमेकांत मुली देणं-घेणं, पण आज ऐकणाऱ्याला त्यात संगनमताचाच वास येतो. ‘गिऱ्हाईक लावून देणं’ म्हटलं की दलाली आली.
आपल्या शेतात याला नेमका शब्द आहे : पैरा. आज मी तुझ्या भांगलणीला, उद्या तू माझ्या. रान ज्याचं त्याचं, पीक ज्याचं त्याचं, पैसा मधे नाही, फक्त फेड ठरलेली. कन्नडमध्ये याला ‘मुय्यी’ म्हणतात. इर्जिक वेगळी : एका दिवसासाठी सगळ्यांनी औतं घेऊन यायचं, जेवून जायचं. चार दुकानांनी मिळून लग्नसराईत एक दिवसाचं प्रदर्शन भरवलं तर ती इर्जिक. वर्षभर गिऱ्हाईक पाठवणं हा पैरा.

शहापूर, बेळगाव :
शब्द आवडला. पण पैरा दिवसाला दिवस फिटतो. इथं साडीवाला रोज माणसं पाठवणार. फॉल-पिकोवाल्याकडे येणारी बाई साडी घेऊनच येते, तो उलट काय पाठवणार?

निपाणी :
ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायका पाठवेल. पण डोकी मोजू नका. समजा, महिन्यात इकडून 28 जणी गेल्या आणि तिकडून 5 आल्या. फॉल-पिकोत मजुरी-दोरा वजा जाता 60 रुपये सुटले तर 1,680 झाले. एका साडीमागे 300 सुटले तर पाच साड्यांचे 1,500. म्हणजे पैरा जवळजवळ फिटला! 28 आणि 5 हे आकडे बघून साडीवाला ‘मीच जास्त पाठवतो’ म्हणून रुसतो आणि चांगली जोडी मोडते. म्हणून विक्रीही नको, शिल्लक मोजा. तीन महिने सतत एकाच बाजूला बाकी राहिली आणि ती रोख द्यायची ठरली, तर तो पैरा उरला नाही, कमिशन झालं. तसंच म्हणा, आणि जीएसटी नोंदणी असेल तर त्याचं बिलही करा.

चिकोडी :
कूपनाबद्दल. त्याला ‘चिठ्ठी’ म्हणू नका. कन्नडमध्ये ‘चीटी’ म्हणजे भिशीसुद्धा, आणि गिऱ्हाईक विचारतं, हप्ता किती? दोन दुकानांना दोन रंग, 1 ते 100 क्रमांक, पाठवणाऱ्याचा शिक्का आणि तारीख, मुदत 30 दिवस. ज्याच्याकडे पोचेल त्यानं कूपन परत न देता डब्यात टाकायचं. परत दिलं की तेच दुसऱ्यांदा येतं. एक तारखेला दोघांनी डबे समोरासमोर ओतायचे. सगळ्यात जास्त चूक होते ती काउंटरवर : पोरगा कूपन मागायलाच विसरतो आणि हिशेबात पाठवणाऱ्यानं काहीच केलं नाही असं दिसतं. म्हणून बिल करण्याआधी ‘कुणी पाठवलं?’ हा प्रश्न ठरवूनच टाका. सूट देणार असाल तर त्याच बिलात दाखवा, म्हणजे कर कमी झालेल्या रकमेवर लागतो. आणि समोरच्याची साप्ताहिक सुट्टी कूपनावर हवीच. पाठवलेलं गिऱ्हाईक बंद शटर बघून आलं की राग पाठवणाऱ्यावर निघतो.

शहापूर, बेळगाव :
मग ‘यांच्या सहयोगाने’ कसं वाटतं? ‘सहयोग’ कन्नडमध्येही आहे.

खानापूर :
कायद्याच्या दृष्टीनं बिनधोक, पण वाचणाऱ्याला कार्यक्रमाची पत्रिका वाटते. पैरा हा शब्द दोघांच्या वहीत ठेवा, गिऱ्हाइकाला त्याचं काम नाही. कूपनावर सरळ लिहा : ‘साडी इथे घ्या, फॉल-पिको समोर करून घ्या. दोन्ही दुकाने स्वतंत्र. माल, काम आणि बिलाची जबाबदारी ज्याची त्याची.’ हेच कन्नडमध्ये. दारावर दोघांची मिळून कायमची पाटी लावायची असेल तर कर्नाटकाच्या कन्नड भाषा कायद्यातल्या 2024च्या दुरुस्तीप्रमाणे तिच्यावर 60 टक्के कन्नड लागेल, तेव्हा रंगाऱ्याला सांगण्याआधी जागा आखून घ्या.